ओलांडलेलं माणूस

सिद्धीला रिसॉर्टच्या गार्डची ती जागा मिळाली तर तिचा काय काय फायदा होणार होता, हे वाड्यावरच्या लोकांनी तिच्याआधीच मोजून ठेवलं होतं. पहिली गोष्ट, पहाटेचा डोंगर सुटला असता. तुयेच्या त्या वरच्या वाड्यावर काजूच्या हंगामात बाई उजाडायच्या आत टोपली घेऊन डोंगर चढते आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत वाकलेलीच राहते. एप्रिलात तिला सरळ उभं राहिल्यावर चक्कर येते, वाकल्यावर नाही. दुसरी गोष्ट, मांद्र्याच्या किनाऱ्यावरच्या त्या रिसॉर्टच्या फाटकापाशी खुर्ची होती आणि खुर्चीच्या वर पंखा होता. मग बूट होते, कंपनीचे. आणि शेवटचा फायदा कोणी तोंडाने बोलत नसे, पण बायकांना तोच मोठा वाटे. घरातून निघताना ‘खंय चललंस गो?’ ह्या प्रश्नाला उत्तर द्यायला लागलं नसतं. अंगावरच्या निळ्या गणवेशाने ते परस्पर दिलं असतं.

पगाराचं तर होतंच. यंदा मोहोराच्या वेळी धुकं बसलं आणि अर्ध्या डोंगराचा मोहोर काळा पडून गळाला. त्यातच सिद्धीचा नवरा दत्तप्रसाद ज्या कारखान्यात कंत्राटावर होता, तिथे त्याला ‘ब्रेक’ दिला. ब्रेक म्हणजे काढून टाकणं नव्हे. ब्रेक म्हणजे घरी बसून फोनची वाट बघणं.

तोट्याच्या बाजूला एकच नाव होतं, जानकीचं. जानकी म्हणजे सिद्धीची थोरली जाऊ. जागा एक आणि एकाच चुलीवरून अर्ज दोन. जानकीला नोकरी हवी होती की नाही, हे तिला कोणी विचारलं नव्हतं. तिचा नवरा परेश औद्योगिक वसाहतीत टेम्पो चालवतो. तो जेवताना एवढंच म्हणाला होता, “धाकटी जाता तर थोरलेन कित्याक जाऊ नये?” झालं. दुसऱ्या दिवशी जानकीचा फोटो काढून आणला गेला.

रिसॉर्टने निवडीआधी शिकवणी ठेवली होती. योगासाठी बांधलेल्या मोकळ्या मांडवात निळ्या गाद्या अंथरल्या होत्या आणि शिकवायला सावंतवाडीची प्राजक्ता होती. आयुष्यभर ज्युदो खेळलेली बाई. एक कान करंजीसारखा फुगून तसाच राहिलेला. बायकांची नजर पहिले दोन दिवस त्या कानावरून हटली नाही.

“मारायला शिकवणार नाही,” प्राजक्ताने सुरुवातीलाच सांगितलं. “गेल्या हंगामात एक पाहुणा पिऊन इथल्या गार्डच्या अंगावर पडला. ती पोत्यासारखी पडून राहिली. तिची चूक नव्हती. खाली पडलं म्हणजे संपलं नाही, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. तेवढंच शिकायचं. जमिनीवर आपण कुठे आहोत, समोरची कुठे आहे, आणि तिथून पुढे कुठे जायचं.”

मग तिने जागा शिकवल्या. खालचीच्या छातीवर आपली छाती आडवी टाकून, एक हात तिच्या मानेखाली, दुसरा कमरेपाशी घालून दाबून ठेवायचं, ते साइड कंट्रोल. पोटावर घोडेस्वारासारखं बसून गुडघे तिच्या काखांपर्यंत वर न्यायचे, तो माउंट. आणि आपण खाली असलो तर दोन्ही पायांनी वरचीच्या कमरेला विळखा घालायचा, त्यालाही गार्डच म्हणतात.

“माडार चढतत तसां,” एक म्हणाली.

“आणि तो माउंट म्हणजे आदोळीर बसून नारळ खवतत तसो,” दुसरी म्हणाली.

“मगे खाली खोबरां कोणाचा?”

हसू पिकलं. प्राजक्ता हसली नाही, पण तिने नावं चालवून घेतली. खालून सुटण्यासाठी कुशीवर वळून, पाय रोवून ढुंगण मागे फेकायचं, त्या हालचालीला ती श्रिंप म्हणायची. श्रिंप म्हणजे सुंगट, कोळंबी, हे कळल्यावर कोणाला समजावून सांगायला लागलं नाही. टोपलीतलं जिवंत सुंगट कसं उडतं हे सगळ्यांनी पाहिलेलं होतं.

जोड्या वजनाने लावल्या. जानकी आणि सिद्धीचं वजन जवळजवळ सारखं निघालं. त्या जावा आहेत हे प्राजक्ताला कोणी सांगितलं नाही. चौथ्या की पाचव्या दिवशी ते तिला आपोआप कळलं.

सिद्धी खालून सुटायला पटकन शिकली. अंग हलकं, कमरेत जोर. जानकी वर आली की ती कोपर आत घाली, सुंगटासारखी मागे उडे, गुडघा मध्ये आणी, की झाला विळखा. पण वर आली की तिथेच अडे. जानकीच्या छातीवर आडवी पडे, नीट दाबून धरी, आणि प्राजक्ता म्हणे, “आता पाय पलीकडे टाक. बस वर.” मग सिद्धी उठे, जानकीच्या पायांकडून वळसा घालून दुसऱ्या बाजूला जाई आणि तिथे पुन्हा आडवी पडे.

“वळसा कसला घालतेस? ते काय देऊळ आहे?”

“वयनी ती माझी.”

“मग?”

“थोरली आसा. ओलांडूची कशी?”

प्राजक्ताने कपाळाला हात लावला. निजलेल्या माणसाला ओलांडू नये, हे तिलाही आईने शिकवलेलंच होतं. ओलांडलं तर त्याची वाढ खुंटते, वाईट होतं, चुकून ओलांडलंच तर आल्या बाजूने परत ओलांडायचं, म्हणजे फिटतं. एकदा तिच्या ओरडण्याने सिद्धीने डोळे मिटून पाय टाकला, जानकीच्या पोटावर क्षणभर बसली, आणि दुसऱ्या क्षणी तोच पाय उचलून परत अलीकडे घेतला.

“मिळालेली जागा सोडलीस कशाला?”

“फेडलां,” सिद्धी म्हणाली.

खाली पडलेली जानकी हसायला लागली. पोट धरून हसली. “गे बाय, टाक एकदाचो पाय. माझी उंची आता आनी कितीशी वाढूची आसा?”

“सरावाने जाईल,” प्राजक्ता म्हणाली. “घरी करा. आणि ऐक, गुडघा पोटावरून सरकवत न्यायचा. वरून टाकायचा नाही. खाली बरगड्या असतात.”

घरी करा म्हणणं सोपं होतं.

घरी दिवस असा जाई. डोंगरावरून काजूची पडलेली फळं, बोंडू, गोळा करायची, अंगणात बसून एकेका बोंडवाची बी पिरगळून काढायची. चिकाने बोटांची सालं निघत. मग बोंडू दगडी दोणीत ओतून पायांनी तुडवायचे. सासरे होते तोवर दोणीत ते उतरत. ते गेल्यावर सुना उतरल्या, कारण परेशला टेम्पो होता आणि दत्तप्रसादला फेणीच्या भट्टीकडे बघायचं असे. भट्टीकडे बघणं हे फार दमवणारं काम असावं. तो दुपारी तिथेच झोपलेला सापडे. तुडवून झालं की चोथ्याची ढेप बांधायची, तिच्यावर धोंडा चढवायचा, आणि रस गळत राही. बोंडू वाट बघत नाही. आज पडला तर उद्या आंबतो, परवा किडा.

हे सगळं उरकल्यावर, दिवेलागणीच्या आधी, दोघी जावा अंगणात पेंढा पसरून त्यावर आडव्या होत. सासू चंद्रावती पायरीवर बसून बघे. तिचे गुडघे गेलेले, पण डोळे शाबूत.

पहिले दोन दिवस तिला मजा वाटली. “गो, तिचो हात सुटलो. धर.” ती जानकीच्या बाजूने होती, थोरली म्हणून. मग सिद्धीने पाय उचलला तशी ती काठी आपटून उभी राहिली.

“ह्या नाय. माझ्या दारात कोण कोणाक ओलांडूचा नाय.”

“आई, शिकूचा पडता ता.”

“रिसॉर्टात काय ता शीक. हय नाय.”

सिद्धीने नवऱ्याला आडवं पडायला सांगितलं. दत्तप्रसाद हौसेने पडला. सिद्धीने एक पाय उचलला आणि चंद्रावतीने असा हुंकार दिला की दत्तप्रसादच उठून बसला. “राव दे गो. उगाच कित्याक.” म्हणजे नवरा बाद झाला. मग तिने बियांचं पोतं आडवं टाकलं. ते तर लक्ष्मीच, लक्ष्मीला पाय लावायचा? पोतं बाद. घरात ओलांडता येईल असं काही उरलंच नव्हतं. शेवटी परसातली घड काढलेली केळ तोडली होती, तिचं खोड तिने ओढत आणलं. केळीच्या खोडाला ना वय ना नातं. चंद्रावतीने तोंड वेंगाडलं, पण काठी आपटली नाही.

त्या दिवसापासून सिद्धी खोडावर माउंट शिकली. आडवी पडायची, उठायची, गुडघा टाकायची, पाय पलीकडे, बसली. पहिल्यांदा घाबरत. मग धप्पकन. खोड ओरडत नव्हतं. खोडाला बरगड्या नव्हत्या. जानकी बी पिरगळता पिरगळता एकदा म्हणाली, “हळू गो, तुझ्या खाली मी आसतलंय.” सिद्धीला वाटलं, वयनी टोमणा मारते आहे. नोकरी एक असली की साधं वाक्यही टोमण्यासारखं ऐकू येतं.

परीक्षा शुक्रवारी झाली. मॅनेजर कागद घेऊन कोपऱ्यात बसला होता. नियम साधा होता. खालून सुरुवात, सुटायचं, वर यायचं, माउंटमध्ये बसायचं आणि शिट्टी वाजेपर्यंत टिकायचं. आधी जानकी खाली. सिद्धीने तिला साइड कंट्रोलमध्ये असं दाबलं की जानकीची कोपरं आत गेलीच नाहीत. पाय रोवले, सरकली, पण गादीचं टोक आलं आणि शिट्टीही.

मग सिद्धी खाली. जानकीचं वजन छातीवर आलं, तिच्या केसांतला बोंडवाचा आंबूस वास नाकात शिरला. सिद्धीने कोपर आत घातलं, कुशीवर वळली, मागे उडाली, गुडघा मध्ये. विळखा. बाही धरून ओढलं आणि जानकी कलंडली. आता सिद्धी वर, आडवी, छातीवर छाती.

“बस वर,” प्राजक्ता म्हणाली.

सिद्धी थांबली. बाकीच्या बायका बघत होत्या. वळसा घालणार, असं सगळ्यांना वाटलं. जानकीलाही वाटलं असावं, कारण तिने अंग सैल सोडलं. आणि सिद्धीने खोडावर टाकायची तसा गुडघा टाकला. धप्पकन. जानकीच्या तोंडातून ‘हं’ असा आवाज आला, श्वास सोडल्यासारखा. पाय पलीकडे गेला, सिद्धी बसली, गुडघे वर सरकवले, आणि यावेळी पाय परत घेतला नाही. शिट्टी.

“गुडघा!” प्राजक्ता ओरडली. पण मॅनेजरने तोवर कागदावर सिद्धीच्या नावापुढे खूण केली होती. सोमवारी सकाळी हजर व्हायचं. नाही आलात तर यादीतली पुढची बाई.

जानकी उठली, कुडता सारखा केला, आणि म्हणाली, “गाडी तू चालय.” एरवी गाडी तीच चालवी. वाटेत प्रत्येक खड्ड्याला तिचा श्वास अडकल्याचं सिद्धीला मागून ऐकू येत होतं. रागावली आहे, सिद्धीने ठरवलं. रागवायचा तिला हक्क होता.

घरी येऊन जानकी माजघरात चटई टाकून आडवी झाली.

“काय झाला?” चंद्रावतीने विचारलं.

“कुशीत लागता.”

“कसा लागला?”

“गुडघो लागलो तिचो.”

“गुडघो खंय येतलो तुझ्या कुशीत?” आणि मग सासूच्या लक्षात आलं. ती सिद्धीकडे वळली. “ओलांडलंस?”

सिद्धीने गाडीची चावी खुंटीला अडकवली.

“ओलांडलंस. आनी परत फेडलंस?”

“आई, परीक्षा होती. परत येयल्यार नोकरी गेली आसती.”

“म्हणजे नाय फेडलंस.” चंद्रावती खाली बसली. “तां बघ, पडली ती.”

“गुडघो लागलो म्हणतंय मी,” जानकी भिंतीकडे तोंड करून म्हणाली.

“तांच म्हणतंय मीय,” चंद्रावती म्हणाली.

शनिवारी जानकी उठली नाही. टोपली घेऊन सिद्धी एकटी डोंगर चढली. दोघींचा पट्टा एकटीने वेचला, दोघींच्या बिया एकटीने पिरगळल्या, दोणीत एकटी उतरली. तुडवताना दोघी असल्या की एकमेकींच्या खांद्याला धरतात; एकटीने आढ्याला बांधलेली दोरी धरायची. दोरीला काथ्या सुटलेला होता. दुपारपर्यंत तिचे तळवे सोलवटले आणि पायाच्या भेगांत रस जाऊन झोंबायला लागला. ढेपेवर धोंडा चढवताना तिने भट्टीकडे हाक मारली. दत्तप्रसाद आला, धोंड्याला एक हात लावला, आणि म्हणाला, “वयनीचा काय तां मिटव तू. सोमवारी तू गेल्यार ह्या कोण करतला?”

“तुमी.”

तो हसला. त्याला ती चेष्टा वाटली.

संध्याकाळी परेश आला. त्याने बायकोच्या कुशीला बाम चोळायला दिला, चोळला नाही. मग ओटीवर बसून वाड्यातल्या कोणालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “नोकरी लागली ती लागली. पण माणूस आडवा करून?” सिद्धी चुलीपाशी होती. भातात पळी फिरवत राहिली. तिला उत्तर देता आलं असतं. परीक्षेला तुम्हीच धाडलीत ना तिला, असं. पण थोरल्या दिराला उत्तर देण्याची पद्धत त्या घरात नव्हती, आणि तिच्या अंगात त्राणही नव्हतं.

ताट घेऊन ती जानकीपाशी गेली. जानकीने पडल्या पडल्या चार घास खाल्ले, आमटी पुन्हा मागितली. सिद्धी तिचं खाणं बघत होती. दुखणाऱ्या माणसाला आमटी दुसऱ्यांदा लागते का, असं तिच्या मनात आलं. वाड्यावर तर एव्हाना ठरूनच गेलं होतं की थोरलीने सोमवार टळेपर्यंत अंथरूण धरलं आहे. यादीत पुढची बाई जानकीच, हे सगळ्यांना माहीत होतं.

“वयनी, डॉक्टराकडे जाऊया?”

“कोण नेतलो? उद्या आयतवार. बोंडू पडलेत.”

“मग सोमवारी मी जातंय, तेवा तू?”

जानकीने ताट बाजूला सारलं. श्वास अर्धवट घेऊन सोडला. सिद्धीने ताट उचललं ते जरा जोरात.

रविवारी सकाळी चंद्रावतीने निकाल दिला. सिद्धीने परत ओलांडायचं. सगळ्यांदेखत. म्हणजे फिटेल, जानकी उठेल, आणि जिला जायचं ती जाईल.

सिद्धीला आधी हसू आलं, मग संताप. जिंकल्याची शिक्षा म्हणून माजघरात जावेवरून उडी मारायची. पण तिने हिशेब केला. जानकी उठली नाही तर सोमवारी घर सोडता येणार नव्हतं. नवऱ्याने तसं म्हणून टाकलंच होतं. एका पायाचा प्रश्न होता.

सगळे जमले. परेश दारात, दत्तप्रसाद त्याच्या मागे. जानकी चटईवर उताणी, पदर नीट करून, डोळे छताकडे.

“खंयच्या बाजून ओलांडलंस?” चंद्रावतीने विचारलं.

“उजव्या.”

“मगे डाव्या बाजून ये.”

सिद्धी डावीकडे जाऊन उभी राहिली आणि मग खरं तेच बोलली. “पण आई, मी पुरा ओलांडूक नाय. वरच बसलंय.”

चंद्रावतीने काठी खाली ठेवली. हा पेच तिच्या आईने, आजीने कधी सांगितलेला नव्हता. अर्धं ओलांडलेलं माणूस फेडायचं कसं? परेश म्हणाला, अर्धंच परत यायचं. दत्तप्रसाद म्हणाला, अर्धं येऊन थांबली तर पुन्हा वर बसल्यासारखं होईल. दोघे भाऊ त्या विषयावर इतका वेळ बोलले, की टेम्पो आणि भट्टी मिळून त्यांनी वर्षभरात एवढं डोकं लावलं नसेल.

“ओलांडा काय ता लवकर,” जानकी खालून म्हणाली. “माका उताणा रवाक जमणा नाय.”

शेवटी चंद्रावतीने ठरवलं, पुरं ओलांडायचं. जास्त फिटलं तर बिघडत नाही. सिद्धीने साडी गुडघ्यापर्यंत उचलली, आणि जानकीच्या पोटावरून पाय टाकला. जपून टाकला, एवढा जपून तिने आयुष्यात कधी टाकला नव्हता. पलीकडे गेली. मग वाकून जानकीच्या पायाला हात लावला, छातीला लावला. तिचे कान तापले होते.

“फिटला,” चंद्रावती म्हणाली. “ऊठ गो आता.”

जानकी कुशीवर वळली. कोपर आत घेतलं, पाय रोवला, ढुंगण मागे फेकलं, आणि तशी सरकत भिंतीपाशी गेली. भिंत धरून उभी राहिली. चेहरा राखेसारखा.

“बघ,” चंद्रावती परेशला म्हणाली. “उठली काय नाय?”

सिद्धीने त्या क्षणी ठरवून टाकलं की वयनी नाटकच करत होती. तिला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. त्यात बरं जास्त होतं.

सोमवारी ती निळा गणवेश घालून निघाली. कोणी ‘खंय चललंस’ विचारलं नाही. फाटकापाशी खुर्ची होती, पंखा बंद होता. गाड्यांचे नंबर घ्यायचे, बागेतली कुत्री हाकलायची, आणि येणाऱ्याला हसून नमस्कार करायचा. जमिनीवर पडायची वेळ आली नाही. दुपारी प्राजक्ता आपलं सामान न्यायला आली. निघता निघता तिने विचारलं, “तुझी वहिनी कशी आहे? त्या गुडघ्याचा आवाज मला बरा नाही वाटला.”

“बरी आसा. उठली काल.”

“श्वास घेताना दुखतं का तिला? हसताना, खोकताना? दुखत असेल तर मुकाट्याने बरगड्यांचा फोटो काढून घ्या.”

सिद्धी हो म्हणाली. आणि मग राहिलेली दुपार, खुर्चीत बसून, तिला जानकीचे खड्ड्यातले श्वास एकेक करून आठवत राहिले. शेवटचं हसणं आठवलं, ते पोट धरून हसलेलं, सरावातलं. त्यानंतरचं एकही आठवेना.

घरी पोहोचली तर जानकी दोणीत होती. एका हाताने दोरी, दुसरा हात कुशीवर. पिंढऱ्यांपर्यंत बोंडवाचा चोथा. दोन दिवसांचे बोंडू तिने तुडवून आणले होते. ढेप बांधलेली होती आणि ढेपेवर धोंडा होता.

“धोंडो कोणी चढयलो?”

“मीच. आनी कोण?”

“वयनी, भायर ये.”

“उरलेला होऊन जांव दे.” आणि जानकीला शिंक आली. साधी शिंक. तिचा दोरीवरचा हात सुटला, ती दोणीच्या काठावर बसली आणि तिला श्वास परत घेता येईना. तोंड उघडं, डोळे मोठे, माशासारखी. सिद्धी बुटांसकट दोणीत उतरली.

म्हापशाच्या इस्पितळात फोटो काढला. परेशचा टेम्पो होता म्हणून पोहोचल्या. परेश टेम्पो लावायला जागा शोधत बाहेरच राहिला. डॉक्टराने फोटो उजेडावर धरला. बरगडीला चीर होती. आधी बारीक असावी, तो म्हणाला, पडून राहिली असती तर तशीच सांधली असती. ह्यांनी वजन उचललं. आता हाड सरकलंय. पाऊस सुरू होईपर्यंत वाकायचं नाही, उचलायचं नाही.

“कशानं झालं?” त्याने विचारलं.

“पडलंय,” जानकी म्हणाली.

बाहेर बाकावर दोघी बसल्या. सिद्धीच्या गणवेशाला गुडघ्यापर्यंत बोंडवाचा रस लागला होता. तो डाग जात नाही.

“सांगलंस कित्याक नाय वयनी तू?”

“सांगलंय. गुडघो लागलो म्हणून दोनदा सांगलंय. तुमका सगळ्यांक ओलांडण्याचा पडला होता.”

“आनी काल उठलंस कशाक? धोंडो उचललंस कशाक?”

जानकीने भिंतीला डोकं टेकलं. छोटे छोटे श्वास घेत, मध्ये थांबत बोलली. “फिटला म्हटला सगळ्यांनी. फिटल्यार पडून कशी रवतलंय? घोव म्हणतलो ढोंग. सासू म्हणतली ढोंग. तूय तांच म्हणत होतंस, ताट उचलताना.”

सिद्धी गणवेशावरचा डाग नखाने खरवडत राहिली.

“आनी तुझो सोमवार होतो,” जानकी म्हणाली. “माका ती खुर्ची नको होती गो. घोवान फोटो काढून आणलो म्हणून येयलंय. तुका एकदा विचारूक नाय जमला? इतको शिकलंस, खालून सुटूक, वर येऊक.”

समोरून औषधांची गाडी खडखडत गेली. सिद्धीने जानकीचा हात धरला. जानकीने तो काढून घेतला नाही. काढायला कूस वळवावी लागली असती.

हंगाम उरला तेवढाही संपत आला. चंद्रावती अजून सांगते की परत ओलांडलं म्हणून निदान जीव वाचला. तिचा काही तोटा झाला नाही, उलट तिच्या शब्दाला वजन आलं. परेशने काय भरलं? टेम्पोच्या त्या एका फेरीचं डिझेल. दत्तप्रसादला कारखान्याने परत बोलावलं नाही. तो भट्टीकडे बघतो. दोणीत तो एकदाच उतरला, पाय घसरेल म्हणून वर आला. सिद्धीला जागा मिळाली, बूट मिळाले, पंखाही पुढे दुरुस्त झाला. संध्याकाळी घरी येऊन ती दोघींचे बोंडू तुडवते, तेव्हा ती मिळकत तिथल्या तिथे वळती होते. आणि जानकी कुशीखाली उशी घेऊन माजघरात पडलेली असते, आता सगळ्यांच्या परवानगीने. येणारा-जाणारा तिच्या पायथ्याकडून वळसा घालून जातो. तिला कोणी ओलांडत नाही. कूस कशी आहे, हे विचारायला मात्र कोणी थांबत नाही.